धुऊन परत दिलेला डबा

गुरु. २ जानेवारी

नवी वही. अनिताने नाशिकहून पाठवली, पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात: बाबा, रोज एक चांगली गोष्ट लिहा, तक्रारी तोंडी पुरतात. माझ्या बायपासनंतर लेकीच्या डोक्यात हे खूळ कुणी भरवलं कोण जाणे. लिहितो. चांगली गोष्ट म्हणजे चां.गो. एवढं आखूड चालेल.

फूड बँकेची वर्षातली पहिली आवक. मंदिराच्या सभागृहामागची खोली छोटीच आहे, पण आता मांडणीला शिस्त आली. डावीकडे आवक, मधे टेबल, उजवीकडे बांधलेली किटं, दाराजवळ लाल क्रेट. लाल म्हणजे रिजेक्ट. एकतीस वर्षं गिअरच्या कंपनीत इन्स्पेक्शनला काढली, तिथली सवय इथे आणली. देशपांडे बाई (शाळेतून रिटायर, वाटपाची वही त्यांच्याकडे, आवकीची माझ्याकडे) आधी हसायच्या. आता त्याही 'लालमध्ये टाका' म्हणतात.

आज सोसायट्यांतून आलेलं: मशरूम सूपची पाकिटं, मुदत ऑक्टोबरात संपलेली. कस्टर्ड पावडर. अर्धा खाल्लेला मध. कुणाची तरी दिवाळीची भेट, चकचकीत कागदासकट जशीच्या तशी. लोक दान करतात की माळा आवरतात, कळत नाही. तरी तांदूळ, आटा, तूरडाळ, तेल, साखर बऱ्यापैकी आलं. या पाच वस्तूंचं किट, माझं ठरवलेलं स्टँडर्ड.

आमच्या घरचं काय द्यायचं यावरून सकाळी जुंपली. ओट्सची दोन पाकिटं मी हळूच पिशवीत सरकवली होती, सौ.ने दारातच पकडली. "तुमच्या घशाखाली उतरत नाही ते दुसऱ्याच्या घशात?" पाकिटं परत फडताळात. तिने काढून दिला तो आम्ही खातो तोच तांदूळ. हातचं राखून द्यायचं नाही, एवढंच तिचं इन्स्पेक्शन.

चां.गो.: तेलाची एकही पिशवी गळकी नव्हती.

शनि. ४ जानेवारी

निगडीच्या बागेत दोन फेऱ्या. दम लागला नाही. चां.गो. हीच.

गुरु. ९ जानेवारी

आज पहिली कम्प्लेंट. चार महिन्यांत पहिली.

मुक्ता म्हणून एक बाई चिखलीहून येते. तिशीची असेल, मूळची जिंतूरकडची. नवरा बालाजी, पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करत होता. दिवाळीआधी उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये सापडली. हात अजून बांधलेला, काम बंद. ही चाकणला वायरिंगच्या लाइनवर आहे, ठेकेदारामार्फत. तिच्या एकटीवर चौघांचं घर ओढत नाही, म्हणून डिसेंबरपासून किट नेते. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे तिला आमचा वार सोयीचा. बोलते कमी. किट घेते, मान हलवते, जाते.

आज मात्र तिने टेबलावरच पिशवी उघडली आणि तूरडाळ काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "काका, ही डाळ आमच्याकडं शिजता शिजंना. कुकर न्हाई. बारका सिलिंडर हाय, तासभर जळायलाय. मसुरी असली तर बघा."

मी म्हटलं, अहो, एक नंबर डाळ आहे, मी स्वतः तपासली. ती म्हणाली, डाळ चांगलीच हाय की. आणि उभी राहिली. मसूर नव्हतीच आपल्याकडे. किट चार वस्तूंचं घेऊन गेली.

राग आला. फुकट मिळतंय तर वर निवड, असंही मनात येऊन गेलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

आज चां.गो. नाही. अनिता, माफ कर.

शुक्र. १० जानेवारी

दुपारी आडवा झालो, झोप नाही. नोकरीतला एक दिवस आठवत राहिला. आमच्याकडचा एक लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला होता. मी ड्रॉइंग घेऊन तणतणत गेलो, सगळी मापं बरोबर. तिथला सुपरवायझर शांतपणे म्हणाला, मापं बरोबर असतील हो, पण लाइनवर बसत नाही. त्याच्या जिगमध्येच, म्हणजे भाग ज्यात बसवतात त्या साच्यातच, फरक होता. कुणी बघितलंच नव्हतं.

डाळीचं पाकीट मी तपासलं. तिची चूल नाही तपासली.

संध्याकाळी देशपांडे बाईंना फोन केला. त्यांनी वहीतल्या काही जणांना विचारून पाहिलं. बऱ्याच घरांत कुकर नाही. कुणी तूरडाळ शेजारणीला देऊन पोहे घेतले, कुणी रात्रभर भिजवतात. सगळ्यांनी आमच्यासमोर 'छान आहे' म्हटलं होतं. एकटी मुक्ता खरं बोलली.

चां.गो.: मुक्ता खरं बोलली. मनापासून लिहितो, तिचे उपकार आहेत.

मंगळ. १४ जानेवारी

संक्रांत. सौ.चे लाडू यंदा खुटखुटीत, दातांची परीक्षा. सोसायटीच्या बोर्डावर नवी यादी लावली: तूरडाळीऐवजी मसूर किंवा मूगडाळ द्यावी, पोहे द्यावेत, मुदत किमान तीन महिने बाकी असावी, घरी बनवलेलं स्वीकारलं जाणार नाही. खाली माझी सही. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, जाधव, दान घेणाऱ्याने आता मेनूकार्ड पाठवलं का? मी म्हटलं, हो, आणि देणाऱ्याने वाचावं.

गुरु. १६ जानेवारी

मसूर आली! पोहेही. मुक्ताच्या किटमध्ये मसूर घातली. तिने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, पहिल्यांदाच हसली. जाताना पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. "जवसाची चटणी हाय काका, ठिवा." गर्दी होती, मी हं म्हटलं.

गर्दी ओसरल्यावर आवक लिहायला बसलो. जवस चटणी, घरगुती, लेबल नाही, तारीख नाही. जिवावर आलं, वास असा खमंग होता. पण नियम बोर्डावर लावून दोन दिवस झाले नाहीत तोवर मोडायचा? एकाचं घेतलं की उद्या कुणी चार दिवसांचं श्रीखंड आणून देईल. लाल क्रेटमध्ये टाकली. डबा मात्र घरी आणून स्वतः घासला. राखेने, मग साबणाने. तेलाचा ओशटपणा राहू दिला नाही.

चां.गो.: घेणाऱ्यालाही द्यावंसं वाटतं, हे बघायला मिळालं.

रवि. १९ जानेवारी

अनिताचा फोन. चां.गो. लिहिता का, म्हणाली. म्हटलं हो, ओट्सही खातो. दोन्ही खरं.

गुरु. २३ जानेवारी

आज फार समाधान.

मुक्ताला तिचा डबा दिला, आरशासारखा लखलखीत. तिने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं. मी तिचं किट पुढे केलं तर म्हणाली, "आज नको काका. या आठवड्याला हाय घरात." मी विचारलं, नक्की ना? मान हलवली आणि गेली.

एक घर पायावर उभं राहिलं. याचसाठी तर हा सगळा खटाटोप. बाईंच्या वहीत तिच्या नावापुढे मीच लिहिलं: गरज संपली. तिचं किट दुसऱ्या कुटुंबाला गेलं.

चां.गो.: ही.

सोम. २७ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

सौ. भाकरी थापत होती. बोलता बोलता मुक्ताची बातमी सांगितली, अभिमानाने. तिने सहज विचारलं, डब्यात काय घालून दिलंत? म्हटलं, घालायचं काय, धुऊन दिला. चांगला घासून.

तिने गॅस बंद केला. भाकरी तव्यावर अर्धीच.

"रिकामा दिलात?"

मी मान हलवली.

"अहो, साखरेचे चार दाणे तरी. पस्तीस वर्षं या घरातून कुणाचं भांडं रिकामं गेलेलं मला आठवत नाही. तुमच्या आईने मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच."

खरं आहे. आई वाटीभर ताकाच्या बदल्यातही चिमूटभर गूळ टाकायची. काही नसलं तर कढीपत्त्याची काडी. रिकामं भांडं परत करणं म्हणजे तुमचं-आमचं संपलं, पुन्हा येऊ नका. हे मला शिकवायला कुणी लागत नाही, खटाव तालुक्यात जन्मलोय. मग हात का गेला नाही साखरेच्या डब्याकडे? कारण त्या टेबलामागे मी शेजारी नव्हतो, इन्स्पेक्टर होतो. आणि डब्यात बघून तिने झाकण लावलं ते मला दिसलं होतं. दिसूनही मी 'गरज संपली' लिहिलं.

सौ. म्हणाली, गरज नाही संपली, तुम्ही तिला दार दाखवलंत.

चटणी चाखली का, हेही तिने विचारलं. खरं सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

गुरु. ३० जानेवारी

मुक्ता आली नाही. तिचं किट बांधून बाजूला ठेवलं होतं. सहाला परत मांडणीवर.

बाईंकडून फोन नंबर घेतला, लावला नाही. फोनवर काय म्हणणार, तुमचा डबा रिकामा दिला, माफ करा, किट घ्या?

सौ. बोलायला लागली (चां.गो.). तिचा बेत असा: मुक्ताला हळदीकुंकवाला बोलवायचं आणि वाण म्हणून मसूर, पोहे द्यायचे. वाण कुणी नाकारत नाही. मी म्हटलं, ही फसवणूक झाली, किटावर हळद लावून देण्यासारखी. ती म्हणाली, मग तुम्ही जा. तुमचं तुम्ही निस्तरा.

शनि. १ फेब्रुवारी

उद्या जायचं. काय न्यायचं, यावर आज दिवस गेला.

किट न्यायचं नाही, हे नक्की. किट घेऊन गेलो तर ती दारात उभी राहील आणि मी टेबलामागे. फळं? फळं आजाऱ्याला, चालतील, पण बालाजीला आजारी म्हणून बघायला गेलेलं त्याला आवडेल का. मसूर? पुन्हा तेच. सौ. म्हणाली, नुसते जा. पण लेकरांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, आधीच एकदा रिकामं देऊन बसलोय.

शेवटी तिळाचे लाडू. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, आणि तो कुणी कुणावर उपकार म्हणून देत नाही. भांड्यात नाही, कागदी पिशवीत. तिच्यावर परतफेडीचं भांडं नको.

सौ.ची शेवटची सूचना: चटणी कशी होती विचारलं तर झकास म्हणा आणि गप्प बसा. मी म्हटलं, न तपासता ओके मी कधी लिहिलं नाही. "तुमच्या ओकेनं आजवर कुणाचं पोट भरलंय," म्हणाली आणि लाडू मोजायचे सोडून मूठमूठ भरले.

रवि. २ फेब्रुवारी

चिखलीला जाऊन आलो. सविस्तर लिहून ठेवतो.

खाली फॅब्रिकेशनचं शॉप, वर खोल्यांची ओळ. जिन्यात वेल्डिंगचा वास. मुक्ता फर्स्ट शिफ्ट करून नुकतीच आली होती, डोक्यावरचा कंपनीचा रुमालही तसाच. मला बघून चपापली. बालाजी भिंतीला टेकून बसलेला, उजवा हात मांडीवर. उठू लागला, मी बसवलं. वय पस्तीसच्या आत, चेहरा चाळिशीपुढचा. मुलांना लाडू दिले, ती दोघं बाहेर पळाली.

हाताची चौकशी केली. अजून एक ऑपरेशन आहे. म्हणजे काहीही सुधारलेलं नाही, आणि मी वहीत काय लिहून बसलोय. तो प्रेसबद्दल बोलला नाही, मी विचारलं नाही. दोघांनाही प्रेस माहीत आहे.

चहा आला. आणि तिने विचारलंच, "काका, चटणी कशी झाल्ती?"

जिभेवर 'झकास' आलं होतं. तिच्याकडे बघितलं आणि निघेना. सांगून टाकलं. चाखली नाही. मला वाटलं फूड बँकेसाठी दिलीस. घरगुती वस्तूचा नियम आहे, मीच केलेला, म्हणून टाकून दिली. डबा रिकामा दिला ती माझी चूक, मोठी चूक, आणि तेच सांगायला आलोय.

 बालाजी म्हणाला, "टाकली व्हय?" रागाने नाही. त्याला कळलंच नाही, अन्न टाकतात कसं.

मुक्ता म्हणाली, "तुमच्यासाठी होती काका. ब्यांकेला कशाला देईन?"

मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते विसरायचं नाही. "किट नेलं की ह्यांच्या गळ्याखाली घास उतरंना. अर्ध्या भाकरीवर उठायचे. फुकटचं म्हणून. चटणी दिली, त्या आठवड्याला पोटभर जेवले बघा. मग डबा तसाच आला. तवा ह्यांनीच म्हणलं, आता जाऊ नको."

बालाजीने तोंड खिडकीकडे केलं. मी माझ्या कपातल्या चहाकडे बघत बसलो. चटणीच्या त्या डब्यावर एका माणसाचं जेवण अवलंबून होतं, आणि मी लेबल शोधत होतो. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही.

मुक्ताने उठून पीठ काढलं. म्हणाली, बसा मग, आता खा. दुपारचे साडेचार, जेवणाची वेळ नाही, माझं पथ्य, तेल कमी, मीठ कमी, सगळं आठवलं. बसलो. गरम भाकरी, चटणी, वर कच्च्या तेलाची धार. पहिल्याच घासाला ठसका लागला. बालाजी पहिल्यांदा हसला, डाव्या हाताने पाण्याचा तांब्या सरकवला. तोही माझ्याबरोबर बसला. दीड भाकरी खाल्ली. मग त्यांनी आग्रह केला आणि आणखी अर्धी. जवसाला अशी चव असते हे मला या वयात कळलं. तिच्या आईने गावाहून पाठवलेलं जवस, असं ती म्हणाली.

निघताना म्हटलं, गुरुवारी ये. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या ब्यांकेत काय काय चालतं?"

मला वाटलं, त्याला किटात काय मिळतं ते हवंय. तांदूळ, आटा, मसूर सांगायला लागलो. तो म्हणाला, तसं न्हाई, कुणी द्यायचं म्हणलं तर काय चालतं. मग नियम सांगितले, सीलबंद हवं, छापील तारीख हवी. त्याने मान हलवली. येतो-जातो काही म्हणाला नाही.

चां.गो.: जेवलो. यापुढे काय लिहू. घरी येऊन सौ.ला सांगितलं की खोटं बोललो नाही. ती म्हणाली, माहीत होतं, म्हणून तर झकास म्हणायला सांगितलं.

मंगळ. ४ फेब्रुवारी

रथसप्तमी. खोलीवर बाईंशी बोललो. घरगुती वस्तूंचा नियम बदलावा का? बाई म्हणाल्या, नियम ठीकच आहे, लहान मुलांच्या घरांत जातं, कुणाला बाधलं तर? बरोबर आहे. नियम ठेवला. फक्त कुणी काही दिलं तर आधी विचारायचं, बँकेला की मला. आणि मला असेल तर घरी न्यायचं, डब्यात काहीतरी घालून परत करायचा. बाई म्हणाल्या, हे लिहू का बोर्डावर? म्हटलं, हे बोर्डावर लिहायचं नसतं.

'गरज संपली' वर एक सरळ रेघ मारली, बाजूला सही, तारीख. कंपनीत चुकीची नोंद अशीच खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

पोटाला काहीही झालं नाही. दोन भाकऱ्या तेलासकट पचल्या. डॉक्टरांना सांगणार नाही.

गुरु. ६ फेब्रुवारी

हे खोलीतच बसून लिहितोय.

मुक्ता साडेपाचला आली. वाटप जवळजवळ संपलं होतं. तिचं किट मी टेबलाखाली ठेवलं होतं, काढायला वाकलो तर म्हणाली, थांबा, आधी हे घ्या. टेबलावर एक किलो मिठाचा पुडा ठेवला.

"ह्यांनीच आणलं दुकानातून. म्हणले, किटात समदं हाय, मीठ न्हाई. मीठ कुणी देत न्हाई."

मी यादी काढून बघितली. सप्टेंबरपासूनची सगळी आवक. तांदूळ, डाळ, साखर, मशरूम सूप, कस्टर्ड. मिठाची एकही नोंद नाही. देणाऱ्याला वाटतं, मीठ काय द्यायचं, किती स्वस्त, शोभत नाही. आणि स्टँडर्ड मी ठरवलं होतं, पाच वस्तू, मला तरी कुठे सुचलं? घरी मीठ असतंच, असं धरून चाललो. डाळीच्या वेळी चूल बघायला शिकलो, मीठ बघायला नाही. तीन बोटं गेलेला माणूस भिंतीला टेकून आमचं किट तपासत बसला होता, आणि त्याला ते दिसलं. कृतज्ञता वाटली, खरंच, डोळे भरून आले. बाईंनी बघितलं आणि खिडकी पुसायला घेतली.

पुडा तपासला. फिरवून फिरवून तपासला, नेहमीसारखाच. सील ठीक, तारीख ठीक. आवकीच्या वहीत लिहायला घेतलं, देणाऱ्याचं नाव या रकान्यात पेन टेकवलं आणि तिच्याकडे बघितलं.

"नाव ह्यांचं लिवा."

बालाजी, चिखली. मीठ, १ किलो. ओके. खाली सही केली. तिने वही आपल्याकडे फिरवली, ओळीवर बोट ठेवून वाचली, मोबाइल काढून फोटो घेतला. एक हलला म्हणून दुसरा घेतला.

मग मी किट वर काढलं. ती हात लावेना. म्हणाली, मी नेत न्हाई. ह्यांना फोटो दाखवते आणि पाठवते, त्यांचं त्यांनी न्यावं. मी म्हटलं, येतील ना? "आले तर आले काका. त्यांनाच ठाऊक. तुमी लई वाट बघू नका." आणि बससाठी पळाली.

सव्वासात झालेत. समोरच्या थांब्यावर चिखलीहून दोन बस येऊन गेल्या. पहिलीतून कॉलेजची मुलं उतरली, दुसरीतून कुणीच नाही. बाई चावी माझ्याकडे ठेवून गेल्या. आत्ता सौ.चा फोन आला, जेवायला येताय ना. म्हटलं, तू जेवून घे, मी अजून एक बस बघतो.